भावाची बातमी आणि पट्टीवरचा आकडा : तारेपासून मोबाईलपर्यंतचा हिशोब



आज फवारणी, खत, पाणी यातलं काही लिहीत नाही. वावरात वाफसा नाही, कामं थांबलीत, म्हणून थोडा इतिहास लिहितो. इतिहास राजा-महाराजांचा नाही, आपल्या खिशातल्या मोबाईलचा आहे. जरा लांबलचक होईल, पण शेवटपर्यंत वाचा.

सकाळी चहाच्या आधी आपला हात फोनकडं जातो. लासलगाव, पिंपळगाव, सोलापूर, बंगलोर, सगळीकडचा कांद्याचा भाव पाच मिनिटात कळतो. आपल्या वडिलांना ही बातमी आठ दिवसांनी मिळायची, तीही मिळाली तर. मग सरळ प्रश्न पडतो. बातमी एवढी जवळ आली, तर पट्टीवरचा आकडा का वाढला नाही? का वाढलाय आणि आपल्यालाच दिसत नाही?

या प्रश्नावर कट्ट्यावर बसून बोलणारे खूप. पण याचा नीट अभ्यासही झालाय. केरळात, मध्य प्रदेशात आणि आपल्या महाराष्ट्रातसुद्धा. तिन्हीकडं उत्तर वेगवेगळं आलं. ते का, तेच आज सांगायचं आहे.

आधी तार आली, ती व्यापाऱ्याच्या पेढीवर

भावाची बातमी वेगानं पळवण्याचा धंदा जुना आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस विलायतेला जायचा बंद झाला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव पडला आणि मुंबईच्या पेढ्या, बँका एकामागं एक बुडाल्या. त्याच वर्षी इराणच्या आखातातून हिंदुस्थान आणि युरोप तारेनं जोडले गेले. १८७० मध्ये समुद्राच्या तळातून टाकलेली तार सुएझमार्गे थेट मुंबईला पोचली. लिव्हरपूलच्या कापूस बाजाराची खबर महिन्याऐवजी काही तासात मुंबईत यायला लागली.

आता बघा, ती तार कुणाच्या घरी गेली? पेढीवाल्याच्या. बैलगाडीत कापूस भरून मोंढ्यात येणाऱ्या कुणब्याच्या घरी नाही. समोरच्याला भाव माहीत आणि आपल्याला नाही, हा खेळ पुढं शंभर-सव्वाशे वर्षं चालला. आपल्या पिढीनंही त्याचा शेवटचा भाग पाहिलाय. माल मुंबईला पाठवायचा आणि आडत्याच्या पोस्टकार्डाची वाट बघायची. कार्डावर जो भाव लिहिला तो खरा. आमच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या बाबांनी तर वर्षानुवर्षांची कार्डं तारेला ओवून ठेवली होती.

मग रेडिओवर बाजारभाव लागायला लागले. ते ऐकायला लोक ओट्यावर जमायचे. पण रेडिओचा भाव हा होऊन गेलेला भाव. नव्वदच्या आसपास गावोगावी पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आले. मीटरकडं एक डोळा ठेवून आपण आडत्याला विचारायचो, "शेठ, आज काय निघालं?" पण विचारायचं कुणाला, तर घेणाऱ्यालाच. विकणाऱ्यानं भाव घेणाऱ्यालाच विचारायचा, ही गोष्ट तेव्हा कुणाला वावगी वाटत नव्हती.

मोबाईल आला, पण इनकमिंगलाही पैसे

३१ जुलै १९९५. देशातला पहिला मोबाईल कॉल. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्यातून दिल्लीला दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. पण दोन्ही गोष्टी शहरातल्या पैसेवाल्यांच्या. मोबाईलवर आलेला फोन उचलला तरी पैसे कटायचे. आपल्यापैकी कुणाला ते परवडणार?

खरा बदल २००३ मध्ये झाला. त्या वर्षी १ मे पासून इनकमिंग फुकट झालं. त्याच वर्षी नोकियाचा ११०० हा फोन आला. मंडळी, तो फोन आठवतो का? वर बॅटरी, धूळ आत जाऊ नये असं रबरी कीपॅड, हातातून सटकू नये अशी कड. रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला जाणाऱ्या माणसाला ती बॅटरी म्हणजे देवच. जगात २५ कोटींच्या वर खपला तो.

इनकमिंग फुकट म्हटल्यावर आपल्या लोकांनी मिस कॉल शोधून काढला. एक रिंग म्हणजे "निघालो", दोन रिंगा म्हणजे "लाईट आली, मोटर टाक". पैसा न खर्चता निरोप पोचायचा. ही युक्ती कुठल्या कंपनीनं शिकवली नव्हती.

केरळचे मच्छीमार : बातमीनं पैसा मिळाला

आता पहिला अभ्यास. रॉबर्ट जेन्सेन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं केरळच्या उत्तर किनाऱ्यावर १९९६ ते २००१ मासळीबाजारांची नोंद ठेवली. मासा आपल्या कोकणातली तारली. मच्छीमार पहाटे समुद्रात जायचे आणि सकाळी आपल्याच गावच्या किनाऱ्यावर विकायचे. दुसऱ्या किनाऱ्यावर काय चाललंय ते कळायला मार्ग नाही. गेलं तर डिझेल जळणार, आणि तिथंही गिऱ्हाईक नसेल तर? बाजार सकाळचे काही तासच.

१४ जानेवारी १९९७ चा दिवस त्यांनी नोंदवलाय. बडगरा (आताचं वडकरा) इथं ११ मच्छीमारांनी गिऱ्हाईक नाही म्हणून मासळी फेकून दिली. त्याच सकाळी १५ किलोमीटरच्या आत दुसऱ्या किनाऱ्यांवर मासळी मिळाली नाही म्हणून २७ घेणारे रिकाम्या हातानं परत चालले होते.

त्याच वर्षापासून या किनाऱ्यावर जिल्ह्या-जिल्ह्यानं मोबाईलचे टॉवर उभे राहिले. समुद्रात वीस-पंचवीस किलोमीटरपर्यंत रेंज मिळायची. मच्छीमार होडीतूनच फोन लावायला लागले, की आज कुठं उतरू? परिणाम काय झाला? पाच-आठ टक्के मासळी फेकली जायची, ते जवळजवळ बंद झालं. मच्छीमाराचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला. आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्क्यांनी स्वस्तही पडली. दोघांचा फायदा. २००७ मध्ये हा अभ्यास छापून आला आणि जगभर गाजला. मोबाईल आला म्हणजे गरिबाचं भलं झालंच, असं सगळे म्हणायला लागले.

मध्य प्रदेशचं सोयाबीन : बातमीबरोबर दुसरा घेणारा आला

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं. जून २००० मध्ये आयटीसी कंपनीनं मध्य प्रदेशात ई-चौपाल सुरू केलं. गावातल्याच एका शेतकऱ्याच्या घरी कॉम्प्युटर, वर छत्री, आणि त्यावर रोजचा मंडीचा भाव. नुसता भाव नाही, तर "आम्ही स्वतः या भावानं घेतो, आमच्या केंद्रावर आणा" हेही. तिथं वजन काट्यावर आणि पैसे रोख.

अपराजिता गोयल यांनी याचा अभ्यास केला आणि तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की जिथं ही केंद्रं आली तिथल्या मंडीतही सोयाबीनचा भाव वाढला, साधारण एक ते तीन टक्के. म्हणजे जो शेतकरी कंपनीकडं गेलाच नाही, मंडीतच विकला, त्यालाही थोडे जास्त मिळाले. कारण मंडीतल्या व्यापाऱ्याला माहीत होतं, की हा गडी आता दुसरीकडंही जाऊ शकतो.

महाराष्ट्र : बातमी आली, भाव तिथंच

आता आपलं घर. ऑक्टोबर २००७ मध्ये रॉयटर्स या बातम्यांच्या कंपनीनं महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाईट सुरू केलं. दुकानातून कार्ड घ्यायचं, आपलं पीक आणि बाजार सांगायचा, की रोज मराठीत एसएमएस. भाव, हवामान, पिकाचा सल्ला. अनेकांनी घेतलं असेल. भाव बघायची सवय आपल्या बऱ्याच लोकांना त्या एसएमएसनंच लागली.

मार्सेल फाफशॉं आणि बार्ट मिंटेन या दोघांनी त्याची कसोटी घेतली. महाराष्ट्रातली १०० गावं घेतली. काही गावातल्या शेतकऱ्यांना ही सेवा वर्षभर फुकट दिली, काहींना दिली नाही. मग दोघांच्या विक्रीची तुलना केली. पिकं आपलीच : कांदा, टोमॅटो, डाळिंब, गहू, सोयाबीन. २०१२ मध्ये निकाल छापला. ज्यांना एसएमएस येत होता आणि ज्यांना येत नव्हता, त्यांच्या भावात दखल घेण्याजोगा फरक नाही. पावसानं होणाऱ्या नुकसानीतही फरक नाही. थोड्या लोकांनी बाजार बदलला, थोड्यांनी प्रतवारी जास्त केली, पण एकंदर परिणाम किरकोळ.

हा अभ्यास मला एका कृषी अधिकारी मित्रानं समजावून सांगितला. त्याला वाटलं मला नवल वाटेल. मला काही नवल वाटलं नाही. शेतात राहणाऱ्या माणसाला याची कारणं माहीत असतात. ती अशी :

१. भाडं. समजा २० क्विंटल कांदा आहे आणि दीडशे किलोमीटरवरच्या बाजारात क्विंटलमागं २०० रुपये जास्त आहेत. म्हणजे ४००० रुपये फरक. जास्तीचं भाडं ३५०० धरा. राहिले ५००. त्यात एक दिवस मोडला, एक मुक्काम झाला. आणि आपण पोचेपर्यंत तिथला भाव तोच राहील याची खात्री कुणाची? तोच मेसेज वाचून आणखी पन्नास गाड्या तिकडं निघालेल्या असतात.

२. उचल. ज्याच्याकडून बियाणाला, मजुरीला, लग्नाला पैसे उचललेत, त्याच्याच गाळ्यावर माल न्यावा लागतो. फोनवर दहा बाजारांचे भाव असले तरी बांधलेल्या माणसाला बाजार एकच.

३. माल थांबत नाही. टोमॅटो तोडला की तोडला. लाल कांदाही चाळीत टिकत नाही.

४. फोनवर दिसतो तो सरासरी नाहीतर सगळ्यात वरचा भाव. लिलावात आपल्या ढिगाला जो मिळतो तो वेगळा. ओलावा, रंग, आकार, जोडकांदा, सगळं तिथं ठरतं.

म्हणजे केरळच्या मच्छीमाराला बातमीनं पैसा मिळाला तो का? होडी त्याच्या ताब्यात होती, मासळी होडीतच होती, आणि तेवढ्याच अंतरावर चार किनारे होते. तोंड फिरवलं की झालं. मध्य प्रदेशात बातमीबरोबर दुसरा घेणारा आला. आपल्याला नुसती बातमी मिळाली. वाट होती तीच राहिली.

वारणेचा धडा

नुसत्या भावावरून फोनला नावं ठेवू नका. आपल्याच राज्यातलं एक चांगलं उदाहरण आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत आहे.

१९९८ मध्ये कोल्हापूर-सांगलीच्या वारणा भागात सत्तर गावांसाठी "वायर्ड व्हिलेज" प्रकल्प आला. गावोगावी कॉम्प्युटर बसवले. शेतकरी गावात बसून बाजारभाव बघणार, पिकाचा सल्ला घेणार, सरकारी दाखले काढणार, असं मोठं स्वप्न होतं. प्रत्यक्षात कॉम्प्युटरचा मुख्य वापर एकाच गोष्टीला झाला, साखर कारखान्याच्या कामाला. उसाची नोंद, तोड, वजन, बिल. कॉम्प्युटर महाग, लाईट जायची, दुरुस्तीला माणूस लांबून यायचा.

मग मायक्रोसॉफ्टच्या बंगलोरच्या संशोधकांनी उलटा प्रयोग केला. सात गावात आठ महिने कॉम्प्युटर बाजूला ठेवून साधा बटणाचा फोन दिला. शेतकऱ्यानं विचारायचं, एसएमएस जायचा, कारखान्यातल्या मशीनकडून उत्तर परत यायचं : तुमचा ऊस इतका टन, इतकं खत उचललं. लाखाच्या मशीनचं काम दीड-दोन हजाराच्या फोननं केलं. खर्च कमी, सोय जास्त, आणि शेतकऱ्यांनाही तेच जास्त आवडलं. २००७ मध्ये त्यांनी हे लिहिलं.

माझ्या मते यातली मोठी गोष्ट स्वस्ताईची नाही. इथं शेतकऱ्याला दुसऱ्या कुठल्या बाजाराची खबर मिळत नव्हती, त्याच्या स्वतःच्या उसाचा हिशोब मिळत होता. वजन किती झालं, कपात किती झाली, ते त्याला विचारता येत होतं. काट्यावरचा आकडा आपल्याला लगेच कळणं ही साधी बाब नाही. वजनात मार खाल्लेल्या माणसाला विचारा.

दुसरं उदाहरण मोटरचं. रात्रीच्या लाईटीनं आपल्या किती माणसांना साप चावले, किती जणांना शॉक बसले, ते प्रत्येक गावाला माहीत आहे. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी मोबाईलवरून मोटर चालू-बंद करणारं नॅनो गणेश तयार केलं. २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत त्याला बक्षीस मिळालं. आज तशी यंत्रं बऱ्याच कंपन्यांची मिळतात. गडी घरून बघतो लाईट आहे का, मोटर टाकतो, पाण्याला जातो तो उजाडल्यावर. तिथं बातमी आणि बटण दोन्ही आपल्याच हातात. म्हणून ते चाललं.

सल्ल्याचंही तसंच. २१ जानेवारी २००४ ला किसान कॉल सेंटर सुरू झालं, १८००-१८०-१५५१, फुकट, मराठीतून. करपा आलाय, काय मारू, हे विचारलं आणि उत्तर मिळालं तर फवारणी आपण लगेच करू शकतो. कुणाची परवानगी लागत नाही.

२०१६ नंतर

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं आणि पहिले काही महिने नेट फुकट मिळालं. त्याआधी एक जीबीला सव्वादोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत, आपण नेट चालू करून लगेच बंद करायचो. वर्षा-दोन वर्षात बांधावरचा माणूस व्हिडिओ बघायला लागला. त्याच वर्षी १४ एप्रिलला केंद्रानं ई-नाम सुरू केलं, सगळ्या देशाच्या बाजार समित्या एका जाळ्यात आणायचं स्वप्न. आठ राज्यांतल्या २१ बाजारांपासून सुरुवात झाली, पुढं आकडा खूप वाढला. पण ऑनलाईन बोली लागली तरी ट्रक, प्रतवारी आणि पैसे वेळेवर मिळणं हे जमिनीवरच करावं लागतं.

आणि भाव कळणं म्हणजे काय हे आपल्याला डिसेंबर २०२३ मध्ये नीट कळलं. ८ तारखेपासून कांदा निर्यातबंदी. आदेश निघाल्याबरोबर फोटो आपल्या ग्रुपवर. दीडशे वर्षांत पहिल्यांदा खबर व्यापाऱ्याला आणि शेतकऱ्याला एकाच मिनिटाला मिळाली असेल. पण व्यापारी बोली कमी लावू शकत होता. आपला लाल कांदा वावरात, नाहीतर ट्रॉलीत. आपण काय करू शकत होतो? लिलाव बंद पाडले, रस्त्यावर बसलो. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला, तोवर लाल कांद्याचा हंगाम केव्हाच संपला होता. मच्छीमाराला निदान दुसरा किनारा होता. इथं सगळे किनारे एकाच सहीनं बंद झाले.

मग करायचं काय

फोन फेकून द्यायचा नाही. पण नवीन ॲप आलं, आता तर प्रश्न विचारला की बोलून उत्तर देणारं यंत्रही आलं, की आधी स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या.

एक, ही बातमी कळल्यावर मी उद्या सकाळी काही वेगळं करू शकतो का? करता येत नसेल तर ती करमणूक आहे. करमणूक वाईट नाही, पण तिचे पैसे देऊ नका.

दोन, यातून मला दुसरा घेणारा, दुसरी जागा किंवा थांबायची ताकद मिळते का? सोयाबीन, तूर, हरभऱ्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. माल गोदामात, हातात उचल, आणि भाव आला की विक्री. अशा माणसाला फोनवरचा भाव कामाचा. उन्हाळ कांद्याला चांगली चाळ असेल तर तसंच. चाळ नाही, तारण नाही, उचल मात्र आहे, त्यानं दिवसातून दहा वेळा भाव बघून बीपी वाढवू नये. एका गाडीत चार घरांचा माल भरला तर भाड्याचं गणित बदलतं. शेतकरी कंपनीचा खरा उपयोग तिथंच आहे.

तीन, माझी माहिती कुणाकडं जाते? पूर्वी तारेचं टोक पेढीवर होतं. आता फोन आपल्या हातात आहे, पण कोणतं पीक, किती क्षेत्र, काढणी कधी, हे आपण प्रत्येक ॲपला भरून देतो. कुणाचा माल कधी बाजारात येणार हे घेणाऱ्याला आधीच कळलं, तर आपण पुन्हा पोस्टकार्डाच्या काळात जाऊ. फॉर्म भरताना मुलांना सांगा, आधी वाचून दाखव.

कृषी खात्यातली, विद्यापीठातली जी मंडळी हे पान वाचतात त्यांना हात जोडून एक सांगणं. भाव दाखवणारं ॲप काढण्याआधी त्या गावात चाळी किती, गोदाम किती लांब, उचल कुणाची आणि किती, हे मोजा. मग ॲप काढा.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्याकडून एक हवंय. फोनवर भाव बघून तुम्ही बाजार बदलला किंवा माल थांबवला, असं एखादं उदाहरण असेल तर लिहा. पीक, क्विंटल, भाडं आणि शेवटी हातात किती जास्त किंवा कमी पडलं, आकड्यासकट. तोटा झाला असेल तर तोही लिहा. पन्नास जणांचे खरे आकडे जमले तर आपल्याच भागाचा एक अभ्यास होईल, आणि तो आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

उघडीप मिळाली तर पुढच्या वेळी रोपवाटिकेवर लिहितो.